'स्वानुभव म्हणजे पुरावा नव्हे' हे कितपत खरं?

"वंशद्वेषावर स्वतःच्या अनुभवातून लिहिलेलं सगळं भावनेच्या भरात लिहिलेलं असतं, तो पुरावा नव्हे." हा समज जुना आहे आणि वरवर पटतोही.

1861 साली अमेरिकेत एका बाईचं आत्मकथन टोपणनावाने छापलं गेलं. ती नॉर्थ कॅरोलायनात गुलाम होती. मालकापासून पळून ती आजीच्या घरी छपराखालच्या पोकळीत जवळपास सात वर्षं लपून राहिली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जास्तीत जास्त तीन फूट उंच. भिंतीच्या भोकातून ती आपली मुलं बघायची. (हे वाचताना आजही माझा घसा दाटतो.) पुढे बऱ्याच अभ्यासकांनी ते कादंबरीतच जमा केलं. 1980 च्या दशकात तिची पत्रं आणि जुनी कागदपत्रं पुस्तकाशी ताडली, तेव्हा माणसं, गाव, घटना जुळल्या. तिला पकडून देणाऱ्याला 100 डॉलर बक्षीस, ही मालकाची 1835 ची वर्तमानपत्रातली जाहिरातही उपलब्ध आहे.

एकीच्या अनुभवावरून भेदभाव किती पसरलाय ते मात्र कळत नाही. तिथे मोजणी लागते. शिकागो आणि बॉस्टनमध्ये नोकरीसाठी सारख्याच ताकदीचे बायोडेटा नावं बदलून पाठवले, तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली. हे निष्कर्ष 2004 साली छापले गेले.

म्हणून असं लेखन हाती आलं की आधी जागा, साल, माणसं टिपून घ्या. मग त्याच काळातला, दुसऱ्या कुणी लिहिलेला कागद शोधा.