न्वान्क्वो कानू: युरोपातली कारकीर्द

न्वान्क्वो कानू (जन्म 1 ऑगस्ट 1976, ओवेरी, इमो राज्य, नायजेरिया) हा नायजेरियाचा माजी फॉरवर्ड. 1993 ते 2012 अशी तब्बल 19 वर्षं तो युरोपात होता, आधी हॉलंडचं अयाक्स, मग इटलीचं इंटर मिलान, मग इंग्लंडमध्ये आर्सेनल, वेस्ट ब्रॉम आणि शेवटी पोर्ट्समथ. चॅम्पियन्स लीग, युएफा कप, प्रीमियर लीग, एफए कप, ऑलिम्पिकचं गोल्ड सगळं त्याच्या खात्यात आहे आणि आफ्रिकेचा फुटबॉलर ऑफ द इयर तो दोनदा झाला, 1996 आणि 1999 ला. त्याची गोष्ट सांगताना लोक हार्टच्या ऑपरेशनवरच थांबतात, ते चूक नाही, पण त्या नादात एक गोष्ट कायम राहून जाते: हा माणूस कारकिर्दीचा मोठा भाग सब (बदली खेळाडू) म्हणून खेळला आणि तरी प्रत्येक क्लबच्या लोकांना तो त्यांच्या रेग्युलर स्ट्रायकरपेक्षा जास्त लक्षात राहिलाय.

आपल्याकडे नायजेरियन स्ट्रायकर म्हटलं की गोव्यातल्या लोकांना डेम्पोचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा आठवणार, साहजिकच आहे. कानू त्यांच्या आधीच्या पिढीतला. त्या काळात नायजेरियाचे चांगले खेळाडू बेल्जियम, हॉलंड, पोर्तुगाल, जर्मनी असे पांगलेले होते, येकिनी सेतुबालला, ओकोचा फ्रँकफर्टला, अमोकाची ब्रूजला. कानू घरच्याच क्लबातून पुढे आला, ओवेरीच्या इवुआन्यान्वु नॅशनालमधून. 1993 ला जपानमध्ये अंडर-17 वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, नायजेरियाने फायनलला घानाला 2-1 हरवलं आणि कानूने त्या स्पर्धेत पाच गोल मारले. त्याच वर्षी अयाक्सने त्याला उचललं.

तेव्हाचं अयाक्स म्हणजे कोच लुई व्हॅन गालचं अयाक्स, सीडॉर्फ, डाविड्स, लिटमानेन, क्लायव्हर्ट, ओव्हरमार्स, आणि नायजेरियाचाच फिनिडी जॉर्ज. तिथे तीन सीझनमध्ये तीन लीग टायटल मिळाली. त्यातल्या 1994-95 च्या सीझनला अयाक्स लीगमध्ये एकही मॅच हरलं नाही आणि चॅम्पियन्स लीगमध्येही नाही. 24 मे 1995 ला व्हिएन्नात एसी मिलानविरुद्ध फायनल होती, दुसऱ्या हाफमध्ये सीडॉर्फला बाहेर काढून व्हॅन गालने 18 वर्षांच्या कानूला आत पाठवलं, नंतर क्लायव्हर्टला, आणि 85व्या मिनिटाला क्लायव्हर्टने मारलेल्या एकमेव गोलवर कप आला. पुढच्या वर्षी परत फायनल, पण तेव्हा रोममध्ये युव्हेंटसने पेनल्टीवर हरवलं.

मग आलं 1996 चं अटलांटा ऑलिम्पिक. सेमीफायनलला समोर ब्राझील, बेबेटो, रोनाल्डो, रिव्हाल्डो, रॉबर्टो कार्लोस अशी टीम, आणि ग्रुपमध्ये याच ब्राझीलने नायजेरियाला हरवलेलं. 3-1 ने मागे, त्यात ओकोचाची पेनल्टी वाया गेलेली. 78व्या मिनिटाला नायजेरियाच्या इक्पेबाने एक परत आणला. 90व्या मिनिटाला गोलपोस्टच्या अगदी तोंडाशी, गोलकडे पाठ असताना बॉल कानूच्या पायात आला, कुणीही असता तर वळून ठोकून दिला असता, याने आधी बॉल पायाने हलकेच वर उचलला, अंगावर आलेल्या कीपर डिडाला चकवला आणि मग वळून आत ढकलला. 3-3. त्या वेळी गोल्डन गोलचा नियम होता, पहिला गोल मारेल तो जिंकला, आणि एक्स्ट्रा टाइमच्या चौथ्याच मिनिटाला बॉक्सजवळ डिफेंडरांना हुलकावणी देऊन कानूनेच तो मारला. फायनलला अर्जेंटिनाला 3-2 हरवून नायजेरियाने गोल्ड घेतलं, आफ्रिकेतल्या देशाला फुटबॉलमध्ये ऑलिम्पिक गोल्ड मिळायची ती पहिलीच वेळ.

त्याच उन्हाळ्यात इंटर मिलानने त्याला घेतलं. क्लबच्या मेडिकल तपासणीत कळलं की महाधमनीच्या झडपेत गंभीर दोष आहे. वय 20, नुकतंच ऑलिम्पिक जिंकलेलं, आणि डॉक्टर सांगतायत की खेळणं विसर. इंटरचे मालक मोराट्टी यांनी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही हे मुद्दाम लिहायला हवं, नाहीतर मेडिकलमध्ये फेल झालेल्या खेळाडूचं क्लब काय करतात ते सगळ्यांना माहितीये. नोव्हेंबर 1996 ला अमेरिकेत क्लीव्हलंडला झडप बदलायचं ऑपरेशन झालं आणि 1997 च्या एप्रिलमध्ये तो क्लबकडे परतला. पण तोपर्यंत इंटरने रोनाल्डोला आणायची तयारी केलेली, म्हणजे ज्याला ऑलिम्पिकमध्ये घरी पाठवलं तोच आता टीममध्ये याच्या पुढे उभा. झामोरानो, जोरकाएफ, रेकोबा हेही होतेच. सेरी ए मध्ये कानूच्या नावावर 12 मॅच आणि एक गोल, बस. 1998 ला इंटरने युएफा कप जिंकला तेव्हा तो त्या टीममध्ये होता, पण इटली त्याला लाभली नाही असंच म्हणावं लागेल.

फेब्रुवारी 1999 ला मॅनेजर आर्सेन वेंगरने 40 लाख पाउंडांच्या थोडं वर मोजून त्याला आर्सेनलला आणलं आणि पहिल्याच मॅचला गोंधळ. एफए कपमध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्ध 1-1 चालू होतं, त्यांचा एक खेळाडू जखमी म्हणून त्यांच्या कीपरने बॉल बाहेर मारला, प्रथेप्रमाणे आर्सेनलच्या पार्लरने थ्रो-इन करून तो परत त्यांच्याकडे टाकला, आणि सब म्हणून आलेल्या कानूला काय चाललंय याची कल्पनाच नसावी, तो बॉल घेऊन सरळ पळाला, ओव्हरमार्सला पास दिला आणि ओव्हरमार्सने गोल मारला. नियमात बसणारा गोल पण मैदानात नुसता हंगामा. वेंगरने स्वतःहून मॅच परत खेळायची ऑफर दिली, मॅच परत झाली, आणि ती पण आर्सेनलने 2-1 नेच जिंकली.

त्याचा खेळ समजून घ्यायला 23 ऑक्टोबर 1999 ची चेल्सीविरुद्धची मॅच बघावी. स्टॅमफर्ड ब्रिज, पावसाने मैदान भिजलेलं, आर्सेनल 2-0 ने मागे आणि शेवटचं पाव तास राहिलेलं. 75व्या मिनिटाला कानूने एक मारला, 83व्या मिनिटाला दुसरा. आणि शेवटी डाव्या बाजूला कॉर्नरजवळ त्याने डिफेंडरचा क्लिअरन्स अंगावर अडवला, चेल्सीचा कीपर डी गोय गोल सोडून तिथपर्यंत धावत आला, कानूने त्याला बाजूला काढलं आणि जवळजवळ गोललाइनवरूनच, जिथून गोलपोस्ट दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, तिथून डेसायी आणि लेबोफच्या डोक्यावरून बॉल वळवून वरच्या कोपऱ्यात घातला. तिथून शहाणा माणूस मधे पास देतो. 3-2.

उंची सहा फूट पाच इंच, अंगकाठी बारीक, पाय लांबच लांब आणि पळण्यात काही दम नाही. बघणाऱ्याला वाटायचं हा आता बॉल घालवणार, आणि डिफेंडरलाही तसंच वाटायचं म्हणून तो पाय घालायचा, तेवढ्यात बॉल दुसरीकडे गेलेला असायचा. वेगावर खेळणारे स्ट्रायकर तिशीत संपतात, कानूकडे संपायला वेग नव्हताच, त्यामुळे तो 35 पार खेळत राहिला.

आर्सेनलमध्ये मात्र ऑन्री आणि बर्गकॅम्प असताना सुरुवातीच्या अकरात जागा मिळणं कठीणच. बर्गकॅम्प विमानात बसायचा नाही, मग युरोपातल्या लांबच्या मॅचेसना कानूचं नशीब उघडायचं. एकूण 197 मॅच आणि 44 गोल, त्यातल्या कितीतरी मॅच बेंचवरून उठून. 2001-02 ला लीग आणि एफए कप दोन्ही, 2003 ला परत एफए कप, आणि 2003-04 ची ती न हरलेली आर्सेनल टीम. म्हणजे हॉलंड आणि इंग्लंड, दोन वेगवेगळ्या देशांत पूर्ण लीग सीझन न हरलेल्या टीममध्ये हा माणूस होता, आणि याची चर्चा फार कमी होते. क्लबच्या चाहत्यांनी नंतर 50 सर्वोत्तम खेळाडू निवडले त्यात कानू 13वा आला, सबसाठी हे फारच झालं.

2004 ला तो वेस्ट ब्रॉमला गेला. तिथला त्याचा सगळ्यात गाजलेला क्षण हा गोल नव्हे तर चुकवलेला गोल आहे, मिडल्सब्रोविरुद्ध समोर रिकामं जाळं, अंतर जेमतेम हातभर, आणि बॉल बारवरून वर. नवा मॅनेजर ब्रायन रॉबसनची ती पहिलीच मॅच. पण त्याच सीझनला ख्रिसमसला तळाला असलेली वेस्ट ब्रॉम शेवटच्या दिवशी खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचली, प्रीमियर लीगमध्ये असं आधी कोणी केलं नव्हतं.

पोर्ट्समथला तो 2006 ला आला, वय 30. पहिल्या मॅचला ब्लॅकबर्नविरुद्ध परत बेंचवरूनच, दोन गोल मारले आणि एक पेनल्टी घालवली, कानू म्हणजे हे असंच. त्या सीझनला क्लबचा टॉप स्कोरर तोच. 2008 च्या एफए कपच्या सेमीफायनलला आपल्याच जुन्या वेस्ट ब्रॉमविरुद्ध त्याने एकमेव गोल मारला, आणि 17 मे ला वेम्बलीवर कार्डिफविरुद्धच्या फायनलला टीममेट उटाकाचा क्रॉस कीपरच्या हातातून निसटला तसा 37व्या मिनिटाला यानेच पाय लावला, 1-0. पोर्ट्समथला 1939 नंतर पहिल्यांदा एफए कप मिळाला. पुढे क्लब कर्जात बुडाला, फेब्रुवारी 2010 ला अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत) गेला, गुण कापले गेले आणि लीगमधून खाली उतरला. बाकीचे मोठे खेळाडू निघून गेले तरी कानू 2012 पर्यंत तिथेच होता.

नायजेरियाकडून तो 1998, 2002 आणि 2010 असे तीन वर्ल्ड कप खेळला. आफ्रिकन नेशन्स कप मात्र कधीच मिळाला नाही, 2000 ची फायनल घरच्या मैदानावर लागोसला होती, कॅमेरूनविरुद्ध पेनल्टीवर गेली आणि कानूची पेनल्टी कीपरने अडवली.

2000 ला त्याने कानू हार्ट फाउंडेशन काढलं. हृदयाचे दोष असलेल्या आफ्रिकेतल्या मुलांच्या ऑपरेशनचा खर्च ही संस्था उचलते, आणि त्यातली बरीच मुलं ऑपरेशनसाठी भारतातही आणली गेली आहेत. 2014 ला कानूवर स्वतःवर अमेरिकेत परत एकदा हृदयाची शस्त्रक्रिया झाली. 2023 ला तो आबा शहरातल्या एन्यिम्बा क्लबचा चेअरमन झाला, दोनदा आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकलेला क्लब आहे तो.