ग्रीनहॅम कॉमन महिला शांतता छावणी

इंग्लंडच्या बर्कशर परगण्यात, न्यूबरीजवळ, १९८१ ते २००० या काळात स्त्रियांनी अण्वस्त्रांविरुद्ध दिलेला ठिय्या. ‘कॉमन’ म्हणजे आपल्याकडचे गायरान. गुरे चारण्याचा पूर्वापार हक्क असलेली जमीन. दुसऱ्या महायुद्धात ती विमानतळासाठी घेतली गेली आणि पुढे तेथे अमेरिकी हवाईदलाने तळ ठोकला. डिसेंबर १९७९ मध्ये नाटोने पश्चिम युरोपात नवी अण्वस्त्रे ठेवण्याचा निर्णय घेतला. त्यांतली ९६ क्रूझ क्षेपणास्त्रे ग्रीनहॅमला यायची होती.

२७ ऑगस्ट १९८१ रोजी वेल्समधील कार्डिफहून ३६ बायका पायी निघाल्या. सोबत मुले होती, मोजके पुरुषही होते. ५ सप्टेंबरला त्या तळावर पोहोचल्या. मागणी एवढीच होती, की सरकारने या विषयावर दूरचित्रवाणीवर जाहीर चर्चा करावी. कोणी दाद दिली नाही. काही जणींनी स्वतःला साखळीने कुंपणाशी बांधून घेतले, आणि मुक्काम वाढत गेला. फेब्रुवारी १९८२ पासून छावणी फक्त स्त्रियांची राहिली.

राहणे सोपे नव्हते. ओल्या फांद्या कमानीसारख्या वाकवायच्या, त्यांवर प्लास्टिकचा कागद टाकायचा, की झाले घर. बेलीफ येऊन ते मोडून टाकत. बायका पुन्हा उभे करत. तळाच्या फाटकांना त्यांनी पिवळे, निळे, हिरवे अशी रंगांची नावे दिली होती आणि प्रत्येक फाटकापाशी वेगळी वस्ती होती. पुढारी कोणीच नव्हते. या चिवटपणाचे मोल मोठ्या मोर्चांहून कमी नाही.

१२ डिसेंबर १९८२ रोजी सुमारे ३०,००० स्त्रियांनी हातात हात गुंफून १४ किलोमीटरहून लांब कुंपणाला वेढा घातला. तारांवर त्यांनी मुलांची झबली, कुटुंबाची छायाचित्रे, लोकरीने विणलेली कोळी किड्याच्या जाळ्यासारखी जाळी अडकवली. कशासाठी आलो आहोत हे घोषणांपेक्षा त्या झबल्यांनी स्पष्ट सांगितले. १ जानेवारी १९८३ च्या पहाटे ४४ जणी शिडी लावून आत उतरल्या आणि क्षेपणास्त्रांसाठी बांधल्या जात असलेल्या कोठारांवर फेर धरून नाचल्या. त्यांतल्या बहुतेकींना तुरुंगवास झाला.

तरीही नोव्हेंबर १९८३ मध्ये क्षेपणास्त्रे आलीच. बायका हटल्या नाहीत. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांविषयीच्या करारावर सह्या केल्या आणि १९९१ पर्यंत ग्रीनहॅम रिकामे झाले. यात छावणीचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. पण ज्या विषयाची चर्चा सरकार टाळत होते तो घरोघरी पोहोचला, तो याच बायकांमुळे.

एक विजय मात्र निखालस त्यांचा. तळावर शिरल्याबद्दल ज्या उपविधींखाली, म्हणजे संरक्षण खात्याने केलेल्या नियमांखाली, त्यांना शिक्षा होत होत्या, ते हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायालयाने, १९९० मध्ये अवैध ठरवले. कारण होते गायरानाचे हक्क: संरक्षण खात्याला ते डावलण्याचा अधिकारच नव्हता. छावणी २००० मध्ये उठली. कुंपण निघाले आहे, कोठारांचे गवताळ उंचवटे अजून दिसतात आणि मोकळ्या माळावर पुन्हा गुरे चरतात.