काखेतला थर्मामीटर आणि थायरॉइड

"सर, माह्यं टेंपरेचर रोज सत्त्याण्णवच येऊन रायलं. थायराइडच असन ना?"

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचा हा प्रश्न. मूळ अर्थातच मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातून न उठता दहा मिनिटं काखेत थर्मामीटर धरा, पारा ९७.८ फॅरनहाइटच्या खाली राहिला तर तुमचं थायरॉइड मंद. पुढे धण्याच्या पाण्याची कृती आणि कसल्याशा भुकटीची जाहिरात. धण्याचं पाणी प्यायला हरकत नाही, तहान भागते.

थर्मामीटरची युक्ती मात्र व्हिडिओवाल्याची नाही. ब्रोडा बार्न्स या अमेरिकन डॉक्टरने ती १९४२ मध्ये मांडली, आणि तेव्हा तिला अर्थ होता. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक (हार्मोन) पेशींमध्ये इंधन जाळण्याचा वेग ठरवतं. संप्रेरक कमी पडलं की उष्णताही कमी निघते. रक्तातलं संप्रेरक सहज मोजायची सोय तेव्हा नव्हती. रुग्णाला यंत्राला जोडून तो किती प्राणवायू वापरतो ते पाहत. त्यापेक्षा थर्मामीटर बरा, असं बार्न्सचं म्हणणं.

गोची अशी की तापमान सांभाळण्याच्या बाबतीत शरीर फार हट्टी असतं. आत उष्णता कमी तयार झाली तर ते कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि आहे ती उष्णता कोंडून ठेवतं. उलट धडधाकट माणसाचं तापमानही पहाटे सर्वांत खाली असतं, काखेत तोंडापेक्षा कमी भरतं, आणि बायकांमध्ये बीज सुटल्यावर पाळी येईपर्यंत अर्ध्या-पाऊण अंशाने वर राहतं. वहिनींनी कुठल्या आठवड्यात मोजलं यावर त्यांचा आजार ठरायचा!

दुसरी घरगुती चाचणी मनगटावर टिंक्चर आयोडीनचा ठिपका लावायची. चोवीस तासांच्या आत डाग गेला तर म्हणे अंगात आयोडीन कमी. पण आयोडीनचं संप्लवन होतं, हे शाळेतल्या प्रयोगात आपण सगळ्यांनी पाहिलंय. जांभळी वाफ आठवा. कातडीवरचं आयोडीनही बरंचसं असंच उडून जातं. मे महिन्यात अकोल्यात ही चाचणी घेतली तर अख्खं गाव आजारी निघेल. शिवाय आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोचल्यापासून आपल्याकडे मोठ्या माणसांचं थायरॉइड मंदावतं ते बहुतेकदा शरीराची संरक्षक यंत्रणाच ग्रंथीवर उलटते म्हणून. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा विकार. (पुड्यातलं मीठ टाकून कौतुकाने सैंधव खाणाऱ्यांनी मात्र एवढं लक्षात ठेवावं, की सैंधवात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं.)

मग रक्ताची चाचणी असं काय वेगळं पाहते? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शरीरातली माझी सर्वांत लाडकी यंत्रणा हीच.

थायरॉइड मुख्यतः टी-फोर नावाचं संप्रेरक सोडतं. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी आहे. तिथल्या पेशी हे टी-फोर आत घेतात, त्यातला एक आयोडीन काढून त्याचं टी-थ्री करतात, आणि ते टी-थ्री पेशीच्या केंद्रकात जाऊन टीएसएच, म्हणजे थायरॉइडला हुकूम सोडणारं पिट्युटरीचं संप्रेरक, बनवणारं जनुक दाबून धरतं. टी-फोर घटलं की हा दाब सैल होतो, टीएसएच रक्तात वाढतं आणि थायरॉइडला कामाला लावतं. पिट्युटरीच्या वर बसलेला मेंदूचा हायपोथॅलॅमस हा भाग तिला टीएसएच सोडायला सांगतो, त्याच्यावरही असाच दाब असतो. तोही त्याच वेळी सैल होतो. त्यामुळे टीएसएच बेरजेने नाही, गुणाकाराने चढतं. ढोबळ नियम असा, की टी-फोर निम्मं झालं तर टीएसएच सुमारे शंभरपट होतं. ज्यांनी अकरावीत लॉगची कोष्टकं चाळली आहेत त्यांच्यासाठी: टी-फोर आणि टीएसएचचा लॉग यांचं नातं सरळ रेषेचं आहे.

आकडे घालून बघू. मोकळं टी-फोर साधारण ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असलं की लॅब नॉर्मल म्हणते. एखाद्या बाईचं नेहमीचं १.४ होतं, ते १.० वर आलं. कागदावर अजून नॉर्मलच. पण १.४ चं निम्मं व्हायला ०.७ ची घट लागते, आणि इथे ०.४ ची झाली, म्हणजे त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. म्हणून टीएसएच वाढेल १०० च्या वर्गमुळाहून थोडं जास्त, म्हणजे दहापटीच्या वर. दीडचं पंधराच्याही वर! नॉर्मलची वरची मर्यादा चार-पाचच्या आसपास असते. जी घट टी-फोरच्या आकड्यात लपून राहिली, ती टीएसएचमध्ये बोंबलून सांगते.

वेचणीच्या दिवसांत मजूर जरा ढिले पडले की मुकादमाचा आवाज चढतो. कापूस किती कमी भरला ते संध्याकाळी काट्यावर कळतं. आवाज मात्र दुपारीच धुऱ्यावर ऐकू येतो. टीएसएचची चाचणी हा आवाज ऐकते.

अडचण होते ती मुकादमाचाच घसा बसला तर. बाळंतपणात फार रक्त गेलं तर पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, वर्षानुवर्षं अंगात त्राण नसतं. तिचं टी-फोर घसरलेलं असतं, पण टीएसएच नॉर्मल दिसू शकतं. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात, जिथे बाळंतिणीला दवाखान्यात पोचायलाच उशीर होतो, तिथे हे विसरून चालत नाही. बाळंतपणात रक्तस्राव झाला असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगावं आणि टी-फोरही तपासून घ्यावं. अशा बाईत बऱ्याचदा कॉर्टिसॉल हे ताण पेलायला लागणारं संप्रेरकही कमी असतं. ते आधी भरून न काढता थायरॉइडची गोळी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं.

आता बोट टोचून घरीच टीएसएच बघायचे किटही ऑनलाइन मिळतात. तत्त्व गर्भचाचणीच्या पट्टीसारखंच: प्रतिपिंडं (अँटीबॉडी) टीएसएचला पकडतात आणि रेघ उमटते. रेघ एवढंच सांगते, की टीएसएच ठरलेल्या मर्यादेच्या, बहुधा पाचच्या, वर आहे. सहा आहे की साठ, ते नाही. आणि उपचार तर त्यावरच ठरतात. दुसरं म्हणजे प्रतिपिंडं ही प्रथिनं. बहुतेक किटवर ३० अंश सेल्सिअसच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या टेम्पोत त्याचं काय होत असेल ते सांगायला नको.

थकवा, गळणारे केस, भेगाळलेल्या टाचा यांवरून घरी निदान करायला जाल तर वेचणीच्या हंगामात अर्धं गाव थायरॉइडचं ठरेल. आपल्याकडे अशा थकव्यामागे आधी रक्तक्षय पाहावा लागतो, आणि पूर्व विदर्भात सिकलसेलही. घरी खरोखर बघण्यासारखी एक गोष्ट म्हणजे गळा. आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट घ्या. थायरॉइड श्वासनलिकेला चिकटलेलं असल्याने गिळताना वर सरकतं, आणि त्याची गाठ असेल तर तीही सोबत सरकताना दिसते. ती दिसली तर डॉक्टरांना दाखवायची. ग्रंथी मंद आहे की जलद, हे गाठीवरून कळत नाही.

रक्त शक्यतो सकाळी द्यावं, कारण टीएसएच रात्री वर आणि दुपारी खाली असतं. मोठ्या तापातून नुकतंच उठला असाल तर थोडे आठवडे थांबा, तेव्हा आकडा तात्पुरता चढतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगा, त्याने काही यंत्रांचे निकाल चुकतात. गरोदर बाईने मात्र थांबू नये, पहिल्या तपासणीतच टीएसएचचं विचारावं. थायरॉइडची गोळी (म्हणजे टी-फोरच) सुरू झालीच तर ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. आशाताई देतात त्या लोहाच्या लाल गोळीत आणि हिच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर लोह तिला आतड्यातच अडकवून ठेवतं. शरीरात गेलेलं टी-फोर निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे डोस बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी.