प्रथिनांचा क्रम आणि ‘यादृच्छिक’ शब्दाचा घोळ

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; इन्सुलिन या प्रथिनातल्या आम्लांचा पूर्ण क्रम १९५५ साली हाती आला आणि पाठोपाठ मोजणी सुरू झाली. जनुकीय संकेतातली त्रिके (एकेका आम्लासाठीची तीन-तीन अक्षरे) एकमेकांवर चढलेली असतील, तर कोणत्या अमिनो आम्लाशेजारी कोणते बसावे यावर बंधन यायला हवे. १९५७ मध्ये शेजारजोड्या मोजूनच ती कल्पना निकालात निघाली.

खरी जुंपली ती १९९० नंतर. पाणी टाळणाऱ्या आम्लांच्या जागा तपासून एका गटाने म्हटले, बहुतेक प्रथिने यादृच्छिक साखळ्यांहून वेगळी ओळखता येत नाहीत. १९९४ मध्ये दुसऱ्याने याच्या उलट दावा केला. २००० साली क्रमात किती माहिती आहे हे मोजले, तर यादृच्छिक साखळ्यांपासूनचा फरक निघाला जेमतेम एक टक्का.

माझ्या मते भांडण बरेचसे शब्दाचे होते. ‘यादृच्छिक’ म्हटले की आपण ‘उगाच, कसेही’ असा अर्थ घेतो. चाचणी मात्र साधी आहे. गोव्यात चतुर्थीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) पत्ते पिसतात, तशी प्रथिनातली आम्ले पिसायची. पाने तीच, म्हणजे ल्युसीन भरपूर, ट्रिप्टोफॅन क्वचित. मग मूळ क्रम या पिसलेल्या डावांत उठून दिसतो का, एवढेच बघायचे.

इन्सुलिनच्या दोन साखळ्या, ए आणि बी. ए साखळीत २१ आम्ले, त्यांत सिस्टीन ४, पैकी दोन सहाव्या-सातव्या जागी खेटून. जोडी खास वाटते. पण पिसून बघा, जवळपास निम्म्या डावांत निदान दोन सिस्टीन शेजारी येतातच! संख्याशास्त्राला त्यात नवल नाही. तरी सहावा आपल्याच साखळीतल्या अकराव्याला बांधलेला असतो, सातवा बी साखळीला. हे बंध तुटले की इन्सुलिन निकामी.

पुढे एकेक प्रथिन पिसण्यापेक्षा एका कुळातली शेकडो प्रथिने एकाखाली एक मांडण्यावर भर आला. एक जागा बदलली की दूरची दुसरीही बदलते, अशा जोड्या प्रथिनाची घडी पडल्यावर बहुधा जवळ असतात. २०११ च्या सुमारास यातले फसवे संबंध गाळण्याची रीत सुधारली. २०२० च्या स्पर्धेत संगणकाने प्रथिनांचे आकार ओळखण्यात जी मजल मारली, तिलाही या मांडणीचा आधार होता.

अशा मांडणीत इन्सुलिनची ती जोडीही लगेच दिसते. माणसाच्या आणि गाईच्या ए साखळीत आठवे आणि दहावे आम्ल वेगळे आहे. सहाव्या-सातव्या जागी दोघांतही सिस्टीनच.