त्या पोरीचं खिदळणं ऐकू यायलाच नको होतं

टेलिफोन उचलावा तर त्याची वायर कुठेच जोडलेली नाही. स्वयंपाकघरातले खण नुसते वरून चिकटवलेले, ओढले तरी उघडत नाहीत. फ्रीजमधलं अन्न खोटं, खार पेंढा भरलेली, गाडीत बसलेला माणूस म्हणजे कापडाच्या दुकानातला पुतळा. ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी मालिकेच्या २४ एप्रिल १९६४ रोजी दाखवलेल्या ‘स्टॉपओव्हर इन अ क्वाएट टाउन’ या भागात एक नवराबायको रात्री पार्टी आटपून निघतात आणि सकाळी अशा टुमदार, निर्मनुष्य वसाहतीत जागे होतात. चिटपाखरू नाही, फक्त एका लहान मुलीचं खिदळणं कुठूनतरी ऐकू येत राहतं. शेवटी एक रेल्वे मिळते, दोघं हुश्श करतात, आणि गाडी फिरून त्याच स्टेशनात येऊन उभी राहते. मग वरून एक भलामोठा हात येतो. वसाहत म्हणजे परग्रहावरच्या एका राक्षसी आकाराच्या मुलीचं खेळण्यातलं गाव, आणि हे दोघं तिच्या बाबांनी पृथ्वीवरून आणलेले पाळीव प्राणी. (साठ वर्षं जुन्या गोष्टीचा शेवट फोडला म्हणून कोणी रागावू नये.)

इंदूरला रामबागेत आमचा एक कंपू जमतो. जुन्या विज्ञानकथा बघायच्या, पोहे खायचे आणि मग भांडायचं. हा भाग बघून झाल्यावर जे भांडण पेटलं ते अजून विझलेलं नाही. प्रश्न साधा होता: आपण खोट्या गावात आहोत हे या दोघांना सगळ्यात आधी कशावरून कळायला हवं होतं? कंपूतला सगळ्यात धाकटा म्हणाला, “अरे भिया, नुसतं नीट बघायचं ना!” माझं मत नेमकं उलट आहे. अशा खटल्यात डोळ्यासारखा कच्चा साक्षीदार दुसरा नाही. वस्तू जवळ आणि लहान असो की लांब आणि मोठी, डोळ्याच्या पडद्यावर ती तेवढाच कोन व्यापते. बाकीचं मेंदू अंदाजाने भरतो, आणि अंदाज चुकवणं हा तर नेपथ्यकारांचा धंदाच.

हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात. ट्रॉलीवर हिमालय असतो, लंका असते, समुद्रमंथन असतं, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून ते खरंच वाटतं. कंपूतले एक काका गिरणीत इलेक्ट्रिकचं काम करत आणि त्यांनी पुष्कळ वर्षं झांक्यांचं वायरिंग केलं आहे. ते म्हणाले, “डोंगर सोपा असतो रे. पोतं, लाकूड, रंग, झाला डोंगर. पाणी मात्र दगा देतं. म्हणून आम्ही नदी पन्नी आणि दिव्यांचीच करायचो.” काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, कारण थेंबाचा आकार पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण यांच्या ओढाताणीत ठरतो, देखाव्याचं प्रमाण काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. देखावा एकास पंचवीस प्रमाणात लहान केला तरी थेंब चार-पाच मिलिमीटरचाच राहणार, आणि त्या देखाव्यातल्या माणसाच्या मापाने तो दहा-बारा सेंटिमीटरचा गोळा दिसणार. जुन्या चित्रपटांतली टबात बुडवलेली जहाजं आपण चटकन ओळखतो ती याच कारणाने. चित्रीकरण करणारे त्यावर एक तोड काढतात: कॅमेरा जास्त वेगाने फिरवून दृश्य संथ करतात. पंचवीसपट लहान मॉडेल असेल तर पंचवीसचं वर्गमूळ, म्हणजे पाचपट वेग. सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटी. त्याने कोसळणारी भिंत खरी वाटते. थेंब तरीही चुगली करतो.

लांबून आणि वरून बघणाऱ्याला फसवणं तर आणखी सोपं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या सिएटलला बोईंगचा विमानांचा कारखाना शत्रूच्या वैमानिकांना दिसू नये म्हणून त्याच्या छपरावर सुमारे २६ एकरांत अख्खी वसाहत उभारली होती: घरं, रस्ते, जाळी आणि पिसांची झाडं. हे काम जॉन स्टुअर्ट डेटली या माणसाकडे होतं, आणि तो आधी हॉलिवूडमध्ये नेपथ्य करायचा. घरांची उंची पुरी करायची गरजच नव्हती, कारण आकाशातून उंची सहसा सावलीवरूनच कळते. आणि ५ मे १९५५ रोजी नेवाडाच्या वाळवंटात खरीखुरी घरं बांधून, त्यांत कपडे घातलेले पुतळे आणि खाण्याचे डबे ठेवून, २९ किलोटनांच्या अणुस्फोटात ती कितपत टिकतात ते पाहिलं गेलं. गाडीतला पुतळा बघून १९६४ च्या प्रेक्षकाला काय आठवलं असेल, याचा मी आपला अंदाज करतो.

तर डोळे बाजूला ठेवू आणि मापं घेऊ. आठ वर्षांच्या मुलीचा पंजा साधारण बारा-तेरा सेंटिमीटरचा. तिने दोन माणसं सहज उचलायची तर ती तिच्या बाहुलीएवढी, म्हणजे सहा-सात सेंटिमीटरची हवीत. खरा माणूस पावणेदोन मीटरचा. गुणोत्तर पंचवीसच्या आसपास येतं. म्हणजे मुलगी तीस मीटर उंच, दहा मजली इमारतीएवढी. इथपर्यंत कंपूत एकमत होतं.

वजनाशी भांडण सुरू झालं. उंची पंचवीसपट, रुंदी पंचवीसपट, जाडी पंचवीसपट. पंचवीस किलोची पोर १५,६२५ पटींनी वाढून जवळपास ३९० टनांची होते. आफ्रिकेतला मोठा हत्ती सहा टनांचा असतो. पण हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि ते वाढलं फक्त ६२५ पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पंचवीसपट भार. हा हिशेब गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडला होता. सोबत त्याने एक साधं हाड आणि त्याच्या तिप्पट लांबीचं, बेढब जाड झालेलं हाड अशी आकृतीही काढली होती. १९२६ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी तोच मुद्दा गोष्टीतल्या राक्षसांवर चालवला: माणसाचं मांडीचं हाड शरीराच्या सुमारे दहापट वजनाला मोडतं, म्हणून दहापट उंच राक्षस पाऊल टाकताक्षणी मांड्या मोडून बसेल. (हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि हा भाग दाखवला गेला त्याच वर्षी, १९६४ च्या डिसेंबरात, भुवनेश्वरला वारले.) आपल्या पोरीवरचा भार पंचवीसपट. तिला पाऊल टाकायचीही गरज नाही, नुसती उभी राहिली तरी पुरे.

“पण तो ग्रह दुसरा आहे ना! तिथलं गुरुत्वाकर्षण कमी असेल,” धाकट्याने मुद्दा काढला. मुद्दा बिनतोड आहे. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक पंचविसांश असेल तर पोरगी खुशाल उड्या मारेल. पण मग आपल्या जोडप्याचं काय? जमिनीवर चाळीस सेंटिमीटर उडी मारणारा माणूस तिथे दहा मीटर उडेल. चालण्याचीही एक मर्यादा असते: प्रत्येक पावलाला शरीर टेकलेल्या पायाभोवती कमान घेतं, आणि वेग फार झाला की गुरुत्वाकर्षण त्याला कमानीवर धरून ठेवू शकत नाही, तिथे आपण धावायला लागतो. पृथ्वीवर ही वेळ सेकंदाला दोन मीटरच्या जरा पुढे येते. त्या ग्रहावर ती ताशी दीड किलोमीटरलाच आली असती. चंद्रावर तर गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश आहे, तरी अपोलोचे अंतराळवीर ससेउड्या मारत होते. हे दोघं मात्र अख्खा भाग गावातून तरातरा चालतात. म्हणजे पलंगावरून उठून पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच निकाल लागायला हवा होता. एकतर ते छताला आपटले असते, नाहीतर पोरगीच नसती.

आता ते खिदळणं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे आहे, आणि तीच त्या भागातली सगळ्यात सुंदर गोष्टही आहे. लहान मुलीच्या आवाजाची मूळ कंप्रता सेकंदाला तीनशे कंपनांच्या आसपास असते. स्वरतंतू पंचवीसपट लांब झाले तर ते ढोबळमानाने पंचवीसपट सावकाश हलतील: तीनशेचे बारा. माणसाच्या कानाला वीसच्या खालचा सूर सूर म्हणून ऐकू येत नाही. आमच्या कंपूतल्या एक वहिनी शाळेत फिजिक्स शिकवतात. त्यांनी लगेच टोकलं की मूळ सूर ऐकू आला नाही तरी त्याच्या पटीतले वरचे सूर, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, ऐकू येतीलच. बरोबर आहे. पण मुलीच्या घशापासून ओठांपर्यंतची नळी बारा सेंटिमीटरऐवजी तीन मीटरची झाली, म्हणजे तिचा पहिला अनुनादही तीसच्या आतच. सगळा जोर खालच्या सुरांत जाणार. त्या जोडप्याला हसणं ओळखूच आलं नसतं. पलीकडच्या गल्लीत चालू ठेवलेल्या ट्रकच्या इंजिनासारखी एक धडधड आली असती, छातीत आणि खिडकीच्या काचांत.

हे काल्पनिक नाही, हत्ती असंच बोलतात. १९८४ साली केटी पेन ही संशोधक अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या पिंजऱ्याजवळ बसली असताना तिला हवेत काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं; आवाज मात्र नव्हता. लहानपणी चर्चमध्ये गाताना मोठ्या ऑर्गनच्या सगळ्यात खालच्या सुरांजवळ अशीच थरथर जाणवायची, ते तिला आठवलं. मग ध्वनिमुद्रण करून ते भरभर वाजवलं, आणि माणसाच्या कानाखालून चाललेला हत्तींचा संवाद बाहेर आला.

त्या जोडप्याला हसू ऐकू आलं नसतं तर भागातली सगळी भीतीच गेली असती, हे मला मान्य आहे. लेखकाने भौतिकशास्त्र सोडलं आणि गोष्ट वाचवली. मीही तेच केलं असतं.

हाताचंही तसंच. हातापायांचं झुलणं लंबकाच्या नियमाने चालतं. लांबी पंचवीसपट तर वेळ पाचपट. कमी गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर तर पंचवीसपट! झडप घालायला पोरीला आपल्या हिशेबाने पुष्कळ सेकंद लागले असते. तेवढ्यात हे दोघं बाजूला पळाले असते. अर्थात उडतच.

रेल्वेवर मात्र वहिनींनी सगळ्यांना गप्प केलं. पोरीचा रूळ तिच्या मापाने एक मीटर त्रिज्येचा धरला तर तो आपल्या पंचवीस मीटरचा. एक फेरी १५७ मीटर. गाडी ताशी वीस किलोमीटरने गेली तरी अठ्ठावीस सेकंदांत परत त्याच स्टेशनात. आणि सबंध वेळ बाहेरच्या बाजूला गुरुत्वाकर्षणाच्या एक अष्टमांश इतका रेटा. बाटलीतलं पाणी सात अंश कललेलं दिसेल. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका सुरुवातीला फिरण्याची खबर देतात, पण एकाच वेगाने गोल फिरत राहिलं तर आतला द्रव अर्ध्या मिनिटात नलिकेबरोबर फिरू लागतो आणि खबर बंद होते. कल मात्र जाणवत राहतो. शिवाय खिडकीतून आलेलं ऊन दर फेरीला डब्याच्या चारी भिंतींवरून फिरून येईल. ते न बघणारा माणूस पार्टीत जास्तच प्यायलेला असणार.

योगायोग असा की जवळपास एवढंच वर्तुळ इंदुरातच आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहे. त्याचा परीघ सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सतरा लाखांहून जास्त फेऱ्या मारतात. वळवलेला इलेक्ट्रॉन गप्प बसत नाही, प्रत्येक वळणावर क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश फेकतो, आणि त्याच प्रकाशात संशोधक स्फटिकांची आणि प्रथिनांची रचना तपासतात. काका म्हणाले, “म्हणजे इलेक्ट्रॉनला कळतं आपण गोल फिरतोय, आणि या दोघांना नाही?”

शेवटचा वाद खाण्याचा निघाला. माक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवलं की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या साधारण पाऊण घाताने वाढते. म्हणून १५,६२५ पट वजनाच्या पोरीला तेवढ्या मुलांचं नाही, सुमारे चौदाशे मुलांचंच जेवण लागेल. दर किलोमागे तिची भूक आपल्या अकराव्या हिश्शाची. स्वतःच्या भुकेवरून ती पाळीव प्राण्यांना खायला द्यायला लागली, तर आपल्या दोन जेवणांतलं पाच तासांचं अंतर तिच्या लेखी पंचावन्न तासांचं होतं. दोन दिवसांहून जास्त. आणि फ्रीजमधलं तर सगळं खोटं.