धाव, साखळी आणि हिंगणघाटची कबर

बंडीच्या लाकडी चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर पदार्थ किती वाढतो त्याचं माप, वेगळा समजवावा लागत नाही. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम जराशी लहान ठेवतात. ती जमिनीवर आडवी टाकून गोवऱ्यांचा जाळ करायचा, लाल झाली की दोघा-तिघांनी सांडशीने उचलून चाकावर घालायची, घणाने ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. लाकूड धुरावतं, वाफ उठते आणि करकरत आरे तुंब्यात रुततात. एक मीटर लोखंड 1 अंश सेल्सिअसने तापलं की सुमारे 0.012 मिलिमीटर वाढतं. साडेचार फूट व्यासाची धाव 400 अंशांनी तापवली, तर तिचा घेर जवळजवळ 2 सेंटीमीटरने वाढतो. धाव किती लहान ठेवायची, हे लोहार एवढ्याशा जागेत ठरवतो, तेही नजरेने.

लाकडाची गोष्ट वेगळी. तंतूंच्या दिशेने ते उष्णतेने फार थोडं वाढतं, लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी. त्याला खरी ओढ ओलाव्याची. म्हणून वैशाखात चाक सुकून आक्रसतं, धाव सैल होते आणि गावकरी चाकं नदीच्या पाण्यात भिजत घालतात. 1784 मध्ये लंडनजवळ हाउन्स्लो हीथवर जनरल विल्यम रॉय यांनी जमीन मोजताना हेच अनुभवलं. देवदारी काठ्यांची लांबी दमट हवेत बदलू लागली. त्यांनी काठ्या सोडून काचेच्या नळ्या घेतल्या.

कोणता पदार्थ किती वाढतो हे आकड्यांत मांडण्याची धडपड त्याआधीच सुरू झाली होती. 1782 मध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी धातू आणि काच यांचं प्रसरण काटेकोर मोजलं. आज सांगायचं तर काच साधारण 9, लोखंड 12, तांबं 17, पितळ 19 आणि अॅल्युमिनियम 23, प्रत्येक अंशाला दशलक्षांश भागांत.

या आकड्यांवाचून ज्यांचं काम अडलं असतं, त्यांतला एक माणूस आपल्या हिंगणघाटात विसावला आहे. कर्नल विल्यम लॅम्टन यांनी 1802 च्या एप्रिल-मेमध्ये मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, म्हणजे एकाला एक त्रिकोण जोडत देश मोजण्याच्या कामाची, पहिली पायारेषा मोजली. लांबी सुमारे 12 किलोमीटर, साधन 100 फुटी पोलादी साखळी. म्हणजे ती 400 च्या आसपास वेळा टाकावी लागली. साखळी लाकडी पेट्यांत ठेवून सोबत तापमापक लावले होते, कारण तापमानाची दुरुस्ती केली नाही तर 10 अंशांच्या फरकाने एवढ्या अंतरात 1 मीटर 44 सेंटीमीटरची चूक पडते. पुढचे सगळे त्रिकोण त्या एका रेषेवर उभे राहणार होते, त्यामुळे ही चूक उत्तरेकडे वाढत गेली असती. हैदराबादहून नागपूरकडे निघालेल्या लॅम्टन यांचं जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला निधन झालं. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रसरणाच्या धड्यात त्यांचं नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

त्यांच्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आलं. 1830 मध्ये ते इंग्लंडहून परतताना थॉमस कोल्बी यांच्या पद्धतीच्या पट्ट्या घेऊन आले. लोखंड आणि पितळ यांच्या 10 फुटी दोन पट्ट्या शेजारी-शेजारी, मध्यभागी जोडलेल्या, टोकांना आडव्या जिभा. ऊन वाढलं की पितळ लोखंडापेक्षा दीडपट लांबतं, जीभ तिरपी होते, पण तिच्यावरचा एक बिंदू मात्र जागचा हलत नाही. मोजमाप दोन्ही टोकांच्या अशा बिंदूंमधलं. दोन धातूंचा बेबनाव एकमेकांवर तोलून अचूकता काढायची, ही युक्ती मला आजही सुंदर वाटते. तरी एक अडचण राहिली: लोखंड आणि पितळ एकाच वेगाने तापत नाहीत, त्यामुळे ऊन चढता-उतरताना घोळ व्हायचा.

तो घोळ मिटवणारा धातू 1896 मध्ये सापडला. शार्ल गियोम यांनी लोखंडात सुमारे 36 टक्के निकेल मिसळून इन्व्हार बनवला, आणि 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. इन्व्हारचा प्रसरणांक लोखंडाच्या दहाव्या भागाएवढा, साधारण 1.2. सर्वेक्षक पुढे त्याच्याच तारा आणि पट्ट्या वापरू लागले. लॅम्टन यांच्या त्याच 12 किलोमीटरवर, त्याच 10 अंशांच्या फरकाने, इन्व्हारची तार जेमतेम 14 सेंटीमीटर चुकली असती.