वेब ऑटोमेशनमधलं लॉगिन: पायऱ्यांच्या पुनर्वापरापासून सेशनच्या पुनर्वापरापर्यंत

वेबसाइटची तपासणी ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या स्क्रिप्टने करणं म्हणजे वेब ऑटोमेशन. नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधला टेस्टर ‘आम्ही लॉगिन रीयूज करतो’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात एक सामायिक फंक्शन असू शकतं; मिहानमधली त्याची मैत्रीण हेच म्हणते तेव्हा तयार सेशन, म्हणजे एकदा लॉगिन झाल्यावर सर्व्हरने दिलेली ओळख. एकाने देखभाल वाचते, दुसऱ्याने वेळ. ही दोन कामं वेगवेगळ्या काळात सुटली, म्हणून आजही त्यांची गल्लत होते.

जेसन हगिन्स यांनी थॉटवर्क्समध्ये 2004 साली सेलेनियम हे ब्राउझर आपोआप चालवणारं साधन सुरू केलं. पुढे फायरफॉक्ससाठी सेलेनियम आयडीई हे क्लिक टिपून ठेवणारं जोडसाधन आलं आणि रेकॉर्ड करून टेस्ट बनवायची सवय लागली. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तोंडी त्याच पायऱ्या: पान उघडा, युजरनेम, पासवर्ड, बटण. बटणाचा आयडी बदलला की सगळ्याच टेस्ट लाल, म्हणजे फेल. म्हणून पायऱ्या एका जागी आणल्या गेल्या. सेलेनियमच्या वेबड्रायव्हरमध्ये पेज ऑब्जेक्ट (एका पानावरच्या क्रिया एकत्र ठेवणारा कोड), रोबोट फ्रेमवर्क या साधनात कीवर्ड (पायऱ्यांच्या गटाला दिलेलं नाव), कुकंबर या साधनात बॅकग्राउंड (प्रत्येक सिनॅरिओच्या, म्हणजे टेस्टच्या प्रसंगाच्या, आधीच्या सामायिक पायऱ्या).

पण बॅकग्राउंड लिहायचं एकदा असलं, तरी ते चालतं प्रत्येक सिनॅरिओआधी. लॉगिनला 8 सेकंद आणि टेस्ट 200 धरल्या, तर 1,600 सेकंद, म्हणजे जवळजवळ 27 मिनिटं नुसत्या उंबरठ्यावरच जातात.

मग लॉगिनचा निकालच जपून ठेवायचा विचार पुढे आला. सेलेनियममध्ये कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, काढून पुन्हा घालता येतात. मात्र आधी त्याच डोमेनवरचं एखादं पान उघडावं लागतं, नाहीतर ‘इनव्हॅलिड कुकी डोमेन’ ही एरर ठरलेली. 2020 साली आलेल्या प्लेराइट या साधनात स्टोरेजस्टेट ही सोय कुकी आणि लोकलस्टोरेज (ब्राउझरमधली साइटची टिकाऊ साठवण) एका JSON फाइलीत ठेवते. सायप्रेस या साधनाची सेशन कमांड आधी प्रायोगिक होती, 2022 च्या 12 व्या आवृत्तीत पक्की झाली. तिच्यातलं व्हॅलिडेट फंक्शन बरेच जण गाळतात, आणि नेमकं तेच जुनं सेशन मेलंय का ते तपासतं.

कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी पोर्टल आहे असं धरू. अडत्या, हिशेबनीस, ॲडमिन अशा तीन भूमिका, तर सेशनच्या तीन वेगळ्या फाइली. टेस्ट समांतर चालून एकाच अडत्याच्या नोंदी बदलत असतील, तर प्रत्येक वर्करला, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या प्रत्येक समांतर प्रोसेसला, स्वतंत्र खातं द्यावं; नाहीतर एकाची पावती दुसऱ्याच्या यादीत दिसते आणि टेस्ट कधी पास, कधी फेल.

सगळ्यात चकवणारी असते लॉगआउटची टेस्ट. ती सर्व्हरवरचं सेशनच रद्द करते, आणि तीच फाइल वापरणाऱ्या बाकीच्या टेस्ट काही कारण न दिसता लॉगिन पानावर येऊन पडतात. तिला वेगळं सेशन द्यावं. टोकन (लॉगिननंतर मिळणारा मुदतीचा परवाना) 30 मिनिटांचं आणि टेस्टचा संच 40 मिनिटांचा असेल, तर शेवटच्या टेस्ट पडणारच. ॲप टोकन सेशनस्टोरेजमध्ये (टॅब बंद होईपर्यंतच टिकणाऱ्या साठवणीत) ठेवत असेल, तर प्लेराइटची फाइल ते उचलत नाही. वेगळ्या स्क्रिप्टने भरावं लागतं. ओटीपीसाठी ठरावीक आकडा ठेवणं पुरतं, पण तो फक्त टेस्ट सर्व्हरवर.

सेशनची फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, टाकू नये. ती ज्याच्या हाती लागेल, त्याला पासवर्डाशिवाय आत जाता येतं. आणि खुद्द लॉगिनची टेस्ट मात्र रिकाम्या ब्राउझरमध्ये, हाताने टाइप केल्यासारखीच चालवावी.